कडूबा तात्यांची फवारणी

सिल्लोडच्या रानात उभा जन्म कपाशी काढलेल्या माणसाला कुंडीतली झाडं सांभाळणं म्हणजे काय अवघड! राजनंदिनी माहेरी निघाली तेव्हा कडूबा तात्यांनी सुनेला हेच ऐकवलं. पुंडलिकनगरच्या गच्चीवरची तिची जाड पानांची सक्युलंट तिनं लेकरांसारखी जपलेली. पाणी अगदी बेतानं घाला, एवढंच तिचं म्हणणं.

"जा बिनघोर," तात्या म्हणाले. "एक झाड जरी गेलं, तर मिशी उतरवतो."

दोन दिवसांत कुंड्यांत मुंग्यांची जत्रा भरली. तात्यांनी चष्मा पुसून पाहिलं, तर पानांच्या बुडाशी पांढरं पीठ! पिठ्या ढेकूण, कपाशीचा जुना वैरी. मुंग्या त्याच्याच मागं येतात, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवायला नको. त्यांनी पुतण्याकडून गावाकडचा पाठीवरचा पंप मागवला आणि ओंजळीएवढ्या कुंड्यांवर एकराच्या हिशोबानं कडुनिंबाचं तेल अन् साबणाचं पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी पीठ दुप्पट, मुंग्या चौपट! तात्या इरेला पेटले. सकाळी फवारणी, संध्याकाळी फवारणी. गच्चीवर चिखल झाला, शेजारणीच्या कुरडया कडू झाल्या, पण मुंग्या काही हटेनात.

सून परतायच्या दिवशी तात्या पंप पाठीला लावून गच्चीवर आले, तर त्यांची बायको लक्ष्मीबाई कुंड्यांपुढं बसलेल्या. हातात वाटी, वाटीत कणीक आणि पिठीसाखर.

"हे काय करायलीस?" तात्या ओरडले.

"मुंग्यांना घालायले. सूनबाई गेल्यापासून रोजच घालते की. इथं सगळी फरशी, माती तेवढी कुंडीत. त्यात तुम्ही इतके जीव मारायलात, ते पाप तुमच्या माथी नको म्हणून जरा जास्तीचं घातलं."

तात्या पंपासकट मटकन खाली बसले. नवऱ्यानं जितकं फवारलं तितकं बायकोनं पुण्य वाढवलं होतं, आणि ढेकूण औषधालाही नव्हता. पाण्यानं मात्र झाडांचे बुंधे कुजून मऊ पडले होते, पानं गळून मातीत लोळत होती.

राजनंदिनी आली, तेव्हा सासरे दारात उभे होते. मिशी नव्हती. कुंड्या पाहून तिचे डोळे भरले. मग तिनं तात्यांचा गुळगुळीत ओठ पाहिला आणि तिला हसू आवरेना. गळालेली चांगली पानं वेचून तिनं कोरड्या वाळूवर मांडली. "यांना मुळं फुटतात, तात्या. फक्त तुम्ही लांब राहा."

तेव्हापासून लक्ष्मीबाई मुंग्यांना खाली लिंबाच्या बुंध्याशी घालतात. आणि रोज सकाळी आधी पानांना कोंब आलाय का बघतात, मग नवऱ्याच्या ओठाला. पानं पुढं आहेत.