सातवीचा पट सहाशे अकरा

सुगंधा जाधव बाईंच्या सातवीत सतरा मुलं होती आणि संस्थेला वीस हवी होती. तीन मुलं कमी, म्हणून वाकोल्यातला हा मराठी वर्ग बंद करायचा, त्या खोलीत इंग्रजी विभागासाठी रोबोट शिकवायचं दुकान थाटायचं आणि सतरा पोरांना हायवेपलीकडच्या शाळेत ढकलायचं, असं पार्ल्यात एसीत बसून ठरलं होतं. वर्ग मारताना हात स्वच्छ दिसावेत म्हणून संस्थेचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंत यांनी पत्रक काढलं. गुरुवारी दुपारी बारा ते एक प्रत्येक वर्गाची ऑनलाइन चाचणी, मुलांनी घरून द्यायची. जितके पेपर भरले जातील तितका पट धरणार.

दुपारी बारा वाजता या पोरांच्या घरचे फोन कुठे असतात, हे सामंतांना कधी विचारावंसं वाटलं नाही. ते आईच्या पर्समध्ये अंधेरीच्या कुठल्यातरी ऑफिसात असतात, नाहीतर बापाच्या रिक्षात.

बारा दहापर्यंत चार पेपर आले. बाईंनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘लिंक शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवा. मुलं त्यांच्या फोनवरून पेपर देतील. एकही मूल सुटता कामा नये.’ आणि पोरांनी धावत यावं म्हणून खाली जोडलं, ‘पास होणाऱ्याला सर्टिफिकेट.’

एक वाजता सहाशे अकरा पेपर जमा झाले होते.

बाईंनी पहिला फोन वर्गातल्या जान्हवीच्या आजोबांना लावला. त्या घरात दुपारी फोन असलेला माणूस एकच, दादू परब.

“दादू, लिंक कुणाला पाठवलीत?”

“शेजारीच पाठवलंय, बाई. आमच्या मालवणी मंडळाच्या ग्रुपार.”

“त्यात किती माणसं आहेत?”

“चारशे. पण सगळी आपलीच हत. तेंनी पुढे धाडल्यानी तर माका काय म्हायत?” मग दादूने विचारलं, “बाई, माका किती पडले?”

सर्टिफिकेट म्हटल्यावर माणसं काय करतील याचा भरवसा नाही. वखारवाला, दूधवाला, बोरिवलीची कुणी डेंटिस्ट, मनोरीचा एक कोळी, सगळ्यांनी नाव-आडनाव नीट टाकून सातवीचं विज्ञान सोडवलं होतं. त्यात बाईंची सतराही पोरं होती. बाईंनी पट पाठवून दिला. सहाशे अकरा. मग शाळेच्या पद्धतीप्रमाणे निकाल गुणांच्या क्रमाने छापून गेटबाहेरच्या फळ्यावर चिकटवला. फळा पुरला नाही, उरलेला भिंतीवर गेला.

सोमवारी सामंत आले तेव्हा गेटवर गर्दी होती. माणसं आपापलं नाव शोधत होती आणि शेजाऱ्याचे गुण मोठ्याने वाचत होती.

“हा काय तमाशा आहे, जाधव बाई?”

“पट आहे, साहेब. तुमच्या पत्रकाप्रमाणे.”

“ही माणसं विद्यार्थी आहेत?”

“पेपर भरला तो पटावर, असं तुम्हीच लिहिलंय. सही आहे तुमची.”

“अहो, कुणीही ऐरागैरा उठून पेपर भरेल. काढा यांची नावं. तुमची सतरा ठेवा आणि विषय संपवा.”

“काढते. पण कुठली काढायची ते तुम्ही स्वतः दाखवा, नावापुढे सही करा. उद्या लोक मला विचारतील.”

सामंत रागाने पेन काढून भिंतीशी गेले. खालून सुरुवात केली, कारण खालचे नक्कीच ऐरेगैरे असणार. नापासांच्या यादीत चाळीसेक नावांवर फुली मारून झाली आणि पेन थांबलं.

“काय झालं, साहेब?” दादू मागूनच वाचत होता. “चंद्रप्रकाश सामंत, विलेपार्ले, वीसपैकी सहा. ह्यो कोण ऐरागैरा?”

गर्दीतली एक बाई फिसकन हसली.

“सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं,” सामंत हळूच म्हणाले. “बायको म्हणाली, सातवीचंच तर आहे.”

“मासा नाकाने श्वास घेतो, असं लिहिलंत तुम्ही,” बाई म्हणाल्या. “काढू का नाव? सही करा.”

सामंतांनी पेन खिशात घातलं. ऑफिसात जाऊन त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘सातवी मराठी. पट समाधानकारक. वर्ग चालू ठेवावा.’ बाईंनी शेरा दोनदा वाचला, तारीख घालायला लावली, मोबाइलवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे पालकांच्या ग्रुपवर टाकला.

“आता तरी ती यादी उतरवा.”

“वर्ष संपेपर्यंत निकाल लावून ठेवतो आम्ही. शाळेची पद्धत आहे.”

सामंत दारापर्यंत गेले आणि परत आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “ते सर्टिफिकेट कधी येतं? घरी विचारतात.”

“सात गुणांना पास, साहेब. सहावाल्यांची फेरपरीक्षा शनिवारी सकाळी साडेसातला,” बाई हजेरीपट उघडत म्हणाल्या. “ऑनलाइन नाही. बाकावर बसून.”