सौजन्य आवृत्ती

हवी असलेली वस्तू समोर आल्यावर जो "नको" म्हणतो तो सुसंस्कृत, आणि जो लगेच हात पुढे करतो त्याला जेवायला वाढावं, पण त्याच्याशी सोयरीक करू नये. या तत्त्वावर इराणातलं आमचं यज़्द शहर आजवर सुखाने नांदलं. चहा विचारला की पहिल्यांदा "नको". दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास". तिसऱ्यांदा मात्र, जणू विचारणाऱ्याचं मन मोडवत नाही म्हणून, घ्यायचा. याला आम्ही तआरोफ म्हणतो. आमचा टॅक्सीवालासुद्धा गिऱ्हाईक उतरताना "राहू द्या हो, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे!" असं म्हणतो. (त्यावर "बरं" म्हणून चालू लागलेला एकच इसम शहराच्या आठवणीत आहे. तो परगावचा होता, आणि टॅक्सीवाल्याने त्याला पुढच्याच गल्लीत गाठला.)

अशा या शहरातल्या मुलींच्या शाळेत मी उपमुख्याध्यापिका आहे. म्हणजे ओरडण्याचं खातं माझ्याकडे. आमच्याकडे एके दिवशी शिक्षण कार्यालयाचं परिपत्रक आलं की, यापुढे सर्व शाळांनी विद्यार्थिनींचे गुण केवळ आणि केवळ 'गुलनामा' या प्रणालीत भरावेत. सदर प्रणाली तेहरानमधल्या एका कंपनीची खाजगी मालमत्ता असून तिचे गुण सांगावे तेवढे थोडेच. तिच्या आत काय आहे हे कोणालाही बघता येत नाही. तिने बनवलेली फाइल जगातल्या दुसऱ्या कशातही उघडत नाही. तिची किल्ली ऑफिसातल्या एकाच संगणकाला बांधलेली आहे, त्यामुळे ती शेजारच्या शाळेला उसनी देता येत नाही (आम्ही चहाचा समोवार देतो, सतरंज्या देतो, परीक्षेच्या दिवसांत गणिताच्या बाई देतो). आणि तिच्यात काही बदल करायचा झाल्यास तो फक्त कंपनीच करू शकते, सवडीने.

त्याआधी आमचा कारभार संगणकाच्या शिक्षिका आतूसाबाईंनी बसवलेल्या एका फुकटच्या प्रोग्रामवर चालायचा. त्यात एकच दोष होता, तो म्हणजे तो चालायचा. त्यामुळे प्रशिक्षण नाही, प्रशिक्षणाचं जेवण नाही, तक्रार निवारण कक्ष नाही. सरकारी कामाला काही शोभा म्हणून नव्हती. तो ताबडतोब काढून टाकण्यात आला.

गुलनामाचा शुभारंभ भूगोलाच्या तूबाबाईंच्या हस्ते झाला, कारण त्या वयाने सर्वांत मोठ्या. सकाळभर बसून त्यांनी तिन्ही वर्गांचे गुण भरले. शेवटी पडद्यावर चौकट आली: "गुण जतन करू का? हो / नाही."

तूबाबाई मंद हसल्या आणि त्यांनी "नाही" दाबलं.

"अगं बाई, हे काय केलंत?" मी ओरडले.

"लगेच हो म्हणायला मी काय हावरट आहे? पुन्हा विचारेल ना तो."

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याने सगळं पुसून टाकलं. तूबाबाईंनी त्या कोऱ्या पडद्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "कुठल्या घरातला आहे गं हा?"

पहिल्या महिन्याच्या अधिकृत आकडेवारीनुसार शाळेतले ब्याऐंशी टक्के गुण अशा प्रकारे सभ्यपणाने नष्ट झाले. उरलेले अठरा टक्के आतूसाबाईंनी भरलेले होते. आतूसाबाई सहा बहिणींतली पाचवी. त्यांच्या घरात ताट पुढे आल्यावर जी "नको" म्हणाली ती उपाशी झोपली. त्यामुळे त्यांच्यावर तआरोफचे संस्कार जरा पातळच आहेत. स्टाफरूममध्ये याविषयी सगळेजण मोठ्या मनाने गप्प बसतात.

"एका ओळीचं काम आहे," आतूसाबाई म्हणाल्या. "त्याला सांगायचं, नाही म्हटलं तर परत विचार. मी आत्ता करून देते."

"खबरदार!" मुख्याध्यापिका एज़्ज़तबाई किंचाळल्या. "करारात लिहिलंय. आत डोकावलं तर शाळेवर खटला."

"मग दर वेळी गुण पुसले गेले तरी चालतील?"

"ते करारात बसतं," एज़्ज़तबाई म्हणाल्या. त्यांनी करार नीट वाचला होता.

रीतसर तक्रार गेली. कंपनीने तिची तत्परतेने दखल घेतली आणि वर्षभरात 'गुलनामा, सौजन्य आवृत्ती' बाजारात आणली. वार्षिक वर्गणी वेगळी. पण काय सांगू तिचं कौतुक! आता पहिली चौकट विचारायची, "गुण जतन करू का?" आपण "नको" दाबायचं. दुसरी यायची: "असं कसं? क्षणाचं तर काम. करू ना?" आपण "कशाला उगाच त्रास" दाबायचं. मग तिसरी: "माझ्या गळ्याची शपथ आहे. करतोच." आणि खाली एकच बटण, "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर." तूबाबाईंनी पहिल्यांदा ते दाबलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "सख्ख्या सुनेने कधी इतका आग्रह केला नाही हो," त्या म्हणाल्या.

शिक्षण कार्यालयानेही सौजन्य आवृत्ती घेतली, आणि इथून पुढे प्रगतीचा वेग वाढला.

वर्षअखेरीस शाळेचा संगणक कार्यालयाच्या संगणकाला गुण पाठवतो. त्या दिवशी आमच्या संगणकाने कार्यालयाचं दार ठोठावलं आणि पडद्यावर उमटलं, "आधी आपण." पलीकडून उत्तर आलं, "छे छे, आपण असताना मी कसा?" आमचा म्हणाला, "आपण वडील." तो म्हणाला, "आपण पाहुणे." दोन भली माणसं एकदम दारात आली की आमच्याकडे असंच होतं आणि आतलं जेवण गार होतं. पण माणसं निदान कधीतरी दमतात. हे दोघे दमेनात. पहिल्या दिवशी स्टाफ चहाचे पेले घेऊन भोवती उभा राहिला. आमच्याच संगणकाचं वळण जास्त चांगलं आहे असं सर्वानुमते ठरलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शाळेच्या बाया बघायला आल्या. गुण मात्र जागचे हलले नाहीत.

आणि बुधवारी सकाळी पर्नियान आली.

पर्नियान ही आमची बारावीची पहिली मुलगी. शीराज़ला नर्सिंगच्या कॉलेजात तिची जागा जवळजवळ ठरली होती. शाळेचे गुण गुरुवारी ऑफिस बंद व्हायच्या आत कार्यालयामार्फत पोचायला हवे होते, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. कागदावर लिहून दिलेले गुण कॉलेज घेत नव्हतं. फक्त गुलनामाची फाइल. (गुण छापण्याची सोय 'सुवर्ण आवृत्ती'त आहे.) तिच्या वडिलांचं मिठाईचं दुकान. ते म्हणत होते, जागा गेली तर गेली, गल्ल्यावर बस, वर्षभरात एखादं चांगलं स्थळ येईलच. या पोरीने अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं केलं होतं, इंजेक्शनं देण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

मी म्हटलं, "बस गं." आणि ती बसली.

पहिल्याच सांगण्याला बसली. "नको बाई, उभी राहते" नाही, काही नाही. चहा पुढे केला तर तोही घेतला, वर साखरेचा खडाही. तेव्हा मला कळलं की पोरगी पार खचली आहे. ओरडण्याचं खातं माझ्याकडे असलं तरी ओरडायचं कोणावर, हे समजेना.

"बाई, ते दोघे कधी थांबतील?" तिने पडद्याकडे बघत विचारलं. तिथे आमचा संगणक म्हणत होता, "आपल्या आधी पाऊल टाकीन तर पाय झडोत."

एज़्ज़तबाईंनी कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे इंजिनीयर ख़ोशरू होते. तेहरानला नोकरी असली तरी माणूस मूळचा यज़्दचा, आवाजातच साखर. एकमेकांच्या तब्येती, आईवडिलांच्या तब्येती आणि दोन्ही शहरांची हवा झाल्यावर एज़्ज़तबाईंनी अडचण सांगितली.

"अरेरे! जीव ओवाळून टाकतो मी त्या मुलीवरून," ख़ोशरू म्हणाले. "दुरुस्ती अवश्य होईल. 'सुवर्ण'ची वर्गणी भरा, अर्ज टाका, साधारण दोन आठवडे."

"पण उद्याची मुदत आहे हो."

"काय करणार खानम, नियम. बाकी आम्ही तुमचे चाकर. गुलनामा काय, कंपनी काय, सगळं तुमचंच आहे. घरचंच समजा, हवं ते करा."

"घेतलं," आतूसाबाई म्हणाल्या.

तूबाबाईंनी डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला.

"काय म्हणालात?" ख़ोशरूंचा आवाज जरा बसला.

"तुम्ही म्हणालात सगळं तुमचंच, हवं ते करा. मी घेतलं. आभारी आहे."

आता खरं तर त्या माणसाने म्हणायला हवं होतं की, बाई, तो बोलायचा प्रघात आहे, मालकी कंपनीची आहे, हात लावाल तर खबरदार. पण यज़्दच्या आईच्या पोटचा मुलगा दिलेला शब्द फोनवर, चार बायकांच्या देखत, परत कसा घेईल? शेवटी तो मेल्या आवाजात म्हणाला, "तुमच्यापुढे काय मोठं... किरकोळ गोष्ट आहे."

"हो ना," असं म्हणून आतूसाबाईंनी फोन ठेवला.

कुलूप त्यांना केव्हाच उघडता येत होतं. अडलं होतं ते परवानगीपाशी. त्यांनी गुलनामा उघडला, "आधी आपण"ची ओळ शोधली आणि बदलली. यापुढे समोरच्याने "आधी आपण" म्हटलं, की आमच्या संगणकाने सरळ आत शिरायचं. बस्स. पलीकडून "आपण पाहुणे, आधी आपण" असं आलं मात्र, आमचा संगणक धाडदिशी आत घुसला, ना आढेवेढे ना शपथा, आणि गुण पोचले. कार्यालयाच्या संगणकाने हूं का चूं केलं नाही. बिचारा वाटच बघत असावा.

पर्नियान आतूसाबाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मीही रडले. एज़्ज़तबाई मात्र खुर्चीत बसून पुटपुटत होत्या, "पहिल्याच शब्दाला घेतलं गं. पहिल्याच शब्दाला."

प्रकरण अर्थातच दाबलं गेलं नाही. चौकशी समिती बसली. करारभंगाचा मुद्दा पाच मिनिटांत संपला, कारण परवानगी दिल्याचं कंपनीला नाकारता येईना. मग मूळ आरोप पुढे आला.

"वस्तू देऊ केल्यावर आपण किती वेळा नको म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकदाही नाही," आतूसाबाई म्हणाल्या.

समितीतल्या एका वृद्ध सदस्यांना घेरी आली आणि पाणी मागवावं लागलं. (ते आल्यावर त्यांनी दोनदा नको म्हटलं.) निकाल असा लागला की, आतूसाबाईंचं कौशल्य वादातीत असून त्यांची बदली वाळवंटाच्या कडेच्या एका गावी करण्यात यावी, जिथे शाळा आहे पण संगणक नाही. त्यांना निरोप द्यायला मी बसस्टँडवर गेले होते. मी म्हटलं, "वाईट झालं हो." त्या म्हणाल्या, "पोरगी गेली ना शीराज़ला? मग झालं तर." आणि मी नेलेला खाऊचा डबा त्यांनी लगेच घेतला. खरं सांगते, मला ते आवडलं.

कंपनीनेही धडा घेतला. पुढच्या महिन्यात गुलनामाची नवी आवृत्ती आली. सुरुवातीलाच करार, तोही सत्तर पडदे लांब. त्यात एक कलम असं की, कंपनीच्या माणसाने सौजन्याने काढलेले उद्गार देणगी समजू नयेत. त्याच्या खालचं कलम असं की, प्रणालीत भरलेले सर्व गुण, मागचे धरून, यापुढे कंपनीच्या मालकीचे राहतील. विद्यार्थिनीला आपले गुण पाहायचे असल्यास तिने कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. शेवटी छोटी चौकट: "वाचलं. मान्य आहे."

ही चौकट एकदाच आली. तिने शपथ घातली नाही, गळ घातली नाही. तूबाबाई, ज्या उन्हातून आल्यावर पाण्यालाही दोनदा नको म्हणतात, त्यांनी पटकन दाबलं. करार नीट वाचणाऱ्या एज़्ज़तबाईंनी दाबलं. त्या दिवशी त्यांना घाई होती. मीही दाबलं. अख्ख्या शाळेत कोणी एकदासुद्धा "नको" म्हणालं नाही.

गेल्या आठवड्यात पर्नियानचा शीराज़हून फोन आला. शिष्यवृत्तीसाठी बारावीचे गुण जोडायचे होते. मी कंपनीला फोन केला. इंजिनीयर ख़ोशरू आता फार मोजकं बोलतात. म्हणाले, "गुण आमचे आहेत, खानम. तुम्हीच लिहून दिलंय." अर्ज केला आहे. अजून उत्तर नाही, आणि पोरगी रोज संध्याकाळी फोन करते.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, दिसतंय मला. खुशाल हसा. फक्त त्या तुमच्या खिशातल्या फोनवर गेल्या खेपेला अशीच एक चौकट आली होती ना, तिच्यात काय लिहिलं होतं ते सांगता का मला? नाही सांगता येत? अहो, आम्हाला तर निदान नोकरीपायी दाबावं लागलं. तुम्हाला कोणी आग्रहसुद्धा केला नव्हता.