दहापैकी टेकू

आमच्या कॉलनीच्या मैदानाला फाटक एकच, आणि पहाटे साडेपाचला त्या फाटकात हवालदार नाना उभे असतात. त्यांना चुकवून आत शिरलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. रामराम नाही, नमस्कार नाही, थेट सवाल.

"मनानं आलास, का धाडलंय?"

तुम्ही अर्धवट झोपेत काहीतरी पुटपुटता. नाना खिशातून छोटी डायरी काढतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि तुमच्या नावापुढं आकडा टाकतात, दहापैकी. मग बाजूला सरून "तेज चल!" अशी आरोळी ठोकतात, की झोपलेली कुत्रीसुद्धा उठून चालू लागतात.

नाना मूळचे कवठे महांकाळकडचे. फौजेत पीटीचे उस्ताद. तीस वर्षं नुसती पोरं पळवली. निवृत्त झाल्यावर सांगलीत घर बांधलं. मुलगाही फौजेत, लांब. घरात नाना आणि काकी, दोघंच. गेल्या दिवाळीत काकींना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय धरला. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. तेव्हापासून नानांच्या घरातून सकाळ-संध्याकाळ "बायाँ पाँव आगे! एक-दो-एक!" ऐकू यायला लागलं. आम्ही येता-जाता हसायचो. खोटं कशाला बोला, मीही हसायचो.

ही डायरी त्यानंतरची. तिच्यात तीन रकाने. आतला रेटा, बाहेरचा रेटा आणि टेकू. आतला म्हणजे तुम्हाला स्वतःला किती वाटतं. बाहेरचा म्हणजे कोण मागं लागलंय. आणि टेकू म्हणजे घरच्यांचा आधार.

मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. दिवसभर खुर्ची. उठतो तो डबा खायला. शेवटी साखर निघाली आणि डॉक्टरांनी मैदान दाखवलं. पहिल्या दिवशी फाटकात मी प्रामाणिकपणे सांगितलं, "डॉक्टर म्हणाले म्हणून आलो."

"म्हंजे भ्यालास. आतला रेटा दोन, भायेरचा आठ." त्यांनी लिहून घेतलं. "इस्टोर, भ्यालेला गडी पंधरा दिस चालतो. सोळाव्या दिशी गप."

सोळाव्या दिवशी मी दांडी मारली. सतराव्या दिवशी गेलो तर नानांनी डायरी उघडून दाखवली. सोळाव्यावर फुली आधीच मारून ठेवलेली होती! असा संताप आला म्हणता. त्या रागावर मी पुढचे दोन महिने सलग गेलो. नाना म्हणाले, "राग बी रेटाच हाय. चार."

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी आमच्या कॉलनीत राहायला आले होते. पहिल्याच दिवशी छाती काढून म्हणाले, "मनानं आलोय. दहा लिवा, नाना." नानांनी दहा लिहिले. शेठजी आत गेले, अर्धी फेरी मारली आणि बाकावर बसून फोनवर सौद्याचे भाव विचारत बसले. परतताना नानांनी त्यांच्यासमोर दहा खोडून तीन केले.

"आवं, असं कसं?"

"तुमी तोंडाचा आकडा सांगितला. मी पायाचा लिवला."

शेठजी आठवडाभर फुगून होते. पण बाकावर परत बसले नाहीत.

टेकू मोजायला मात्र नाना घरी येत. आमच्याकडं आले तेव्हा रविवार होता. चहा घेतला, डायरी मांडीवर ठेवली आणि सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं, "पोरी, ह्याला सकाळी उठवताना काय बोलतीस?"

"काहीच नाही. पंखा बंद करते."

"वरडत न्हाईस?"

"ओरडून हे कुठं ऐकतात? पंखा बंद केला की उकडतं, मग उठतात. उठले की बूट दाराशी काढून ठेवलेले असतात."

नानांनी "पंखा" लिहिलं, "बूट" लिहिलं आणि बराच वेळ त्या दोन शब्दांकडं बघत बसले. मग विचारलं, "आन् रागं भरत न्हाईस? कवाच?" सुनीता हसली. जाताना त्यांनी टेकूला नऊ दिले. अख्ख्या कॉलनीत नऊ कुणालाच नव्हते. सुनीता ते अजून ऐकवते.

पुढं एका मंगळवारी नाना फाटकात नव्हते. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही. शेठजी खुशीत म्हणाले, "सुटलो, गड्या!" आणि एका फेरीत घरी गेले. मी दीड फेरी मारली. कुणी विचारलं नाही, कुणी आकडा टाकला नाही, चालण्यात काही दमच नव्हता. तसाच नानांच्या घरी गेलो.

आतून आवाज येत होता. "बायाँ पाँव! उठ! एक-दो..." आणि मग एकदम शांतता. मी दारातून बघितलं. काकी खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. नाना मधोमध सावधानमध्ये उभे, आणि समोर कवायत करायला कुणी नाही. मला बघून ते बाहेर पायरीवर आले आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला.

काकींचा व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी येते. तिनं दिवाळीनंतर तो फॉर्म भरून घेतला होता. चालण्याची इच्छा किती वाटते? भीती किती वाटते? दुखतं किती? आणि चौथा प्रश्न, घरच्यांचा आधार किती वाटतो? शून्य ते दहा. काकींनी शून्याला गोल केला होता.

"सोमवारी पोरगी परत आली. परत इचारलं. परत शून्य." नानांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी हिला न्हाऊ घालतो, येणी घालतो, भाकरी मोडून देतो. आन् टेकू शून्य? पयला शून्य आला तवाच तुमास्नी इचारत सुटलो, की बाबांनो, मानूस उठतं कशानं? तीन दिस घरीच ऱ्हायलो, म्हनलं डबल कवायत घेऊ. तर ती खुर्चीबी सोडंना."

 आम्ही हसलो होतो त्या आवाजाला, त्याची लाज वाटली. शेवटी म्हणालो, "नाना, डायरीत कुणी असं सांगितलंय का, की कुणीतरी ओरडलं म्हणून आलो?"

त्यांनी पानं चाळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"न्हाई," ते म्हणाले. "पर मला दुसरं येतंय काय, इस्टोर? मी तीस वर्सं फकस्त वरडलोय. लय जीव हाय रं तिच्यावर. त्यो बी वरडूनच भायेर पडतो."

"मला विचारा, आज इथं का आलो."

"का आलास?"

"तुम्ही फाटकात नव्हता म्हणून."

नानांनी डायरी उघडली, पेन काढलं आणि काहीच न लिहिता परत खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताना बघितलं. नानांनी अंगणात पेरूखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. स्टुलावर दोन कप चहा. एका खुर्चीत नाना, घराकडं पाठ करून, ओठ घट्ट मिटून. आतून काकी म्हणाल्या, "आवं, चा गार झाला की." नाना बोलले नाहीत. चहा गार झाला, त्यांनी दोन्ही कप आत नेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेजारीपाजारी म्हणाले, म्हाताऱ्यानं अबोला धरला.

पाचव्या दिवशी काकी आल्या. भिंतीला धरून, मग दाराला, मग पेरूला. नाना वळून बघायला गेले नाहीत. खुर्चीत टेकल्यावर काकींनी धाप आवरली आणि विचारलं, "वरडायचं इसरलासा काय?"

"अकरा पावलं," नाना म्हणाले. "मोजली. पर मनात."

हे मला काकींनीच सांगितलं. सांगताना पदर तोंडाला लावून हसत होत्या.

परवाची गोष्ट. साडेपाचला मी मैदानाकडं निघालो, तर फाटकातून नानांनी लांबूनच दोन बोटं वर केलेली. जवळ गेलो तरी बोटं खाली येईनात.

"पोरगी काल आली हुती. चौथा प्रश्न इचारला. दोन दिले हिनं. दोन!"

"दहापैकी?"

"मग काय शंभरापैकी?"

मला हसू आवरेना. "नाना, माझ्या बायकोला तुम्ही नऊ दिलेत. तुम्हाला दोनच?"

"शून्यावरनं दोन आलेत, गड्या. ऱ्हायलेली आठ येतील. मी बसतोय की पेरूखाली." त्यांनी बोटं खाली घेतली आणि मला वाट करून दिली. "जा. सावकाश चाल. घाई न्हाई."

तीस वर्षं पोरं पळवलेला माणूस हे म्हणाला. कुत्री जागची हलली नाहीत.