आप्पा येऊन गेले

आमच्या मतदारसंघाचे आमदार आप्पा यांनी गेल्या बावीस वर्षांत एकही मयत चुकवलेली नाही. ही अतिशयोक्ती नव्हे. त्यांच्या कार्यालयात तशी नोंद आहे आणि रीतसर अर्ज केल्यास ती कुणालाही पाहता येते. विधानसभेत ते आजवर तीनदा बोलले. तिन्ही वेळा शोकप्रस्तावावर.

सुरुवात साधीच होती. गावच्या पंचायतीच्या पहिल्या निवडणुकीत आप्पा सपाटून पडले. महिनाभराने त्यांची मोटारसायकल पिठाच्या गिरणीवाल्याच्या दारात पंक्चर झाली. गिरणीवाल्याचे वडील त्याच सकाळी गेले होते आणि खांद्याला चौथा माणूस मिळत नव्हता, कारण आप्पांना पाडणाऱ्या उमेदवाराच्या मुलाचं लग्न होतं आणि अख्खं गाव तिकडे जेवत होतं. आप्पांनी खांदा दिला. पंक्चर निघेपर्यंत दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. पुढच्या निवडणुकीत गिरणीची सगळी गल्ली त्यांच्यामागे उभी राहिली, आणि आप्पांना राजकारण कळलं. लग्नाला कोण आलं होतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही, तिथलं जेवण राहतं. मयतीला आलेल्या माणसाला मात्र ते घर जन्मभर विसरत नाही.

मग आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. पंचायत झाली, जिल्हा झाला, विधानसभा झाली. स्मशानाकडे काँक्रीटचा रस्ता झाला, दुतर्फा दिवे लागले, बसायला बाकं आली. आरोग्य केंद्राचा रस्ता तेवढा नियोजनात राहिला. कुणी कुरकुर केलीच तर आप्पा शांतपणे म्हणत, "तिकडे काहीच लोक जातात. इकडे सगळ्यांनाच जायचंय."

काम वाढलं तसा आप्पांच्या कार्यालयात सांत्वन कक्ष निघाला. दहाच्या वर मतं असलेलं घर 'अ' वर्गात: आप्पा स्वतः येतील, खाली जमिनीवर बसतील. पाच ते दहा मतं म्हणजे 'ब' वर्ग: आप्पा येतील, खुर्चीवर बसतील. त्याखाली 'क': गाडीतून उतरतील, हात जोडतील. एकटा माणूस वारला आणि मागे मत देणारं कुणीच नसेल, तर कक्षातून तीव्र दुःख कळवणारं पत्र जाई. पत्र घ्यायला घरात कुणी नसे, म्हणून ते दाराला चिकटवत.

सगळं सुरळीत चाललं असताना आरोग्य केंद्रात एक डॉक्टरीणबाई आल्या. याआधीही डॉक्टर आले होते, पण ते हजेरीपुरते. या बाई केंद्रातच राहायला लागल्या. चिखल तुडवत घरोघर जाऊ लागल्या. माझ्या दादाला दम्याचा जुना त्रास. बाईंनी त्याला वाफेचं मशीन मिळवून दिलं आणि वहिनीला ते चालवायला शिकवलं. ज्या दादाला अंगणात यायचं म्हटलं तरी धाप लागायची, तो भाजी आणायला चालत बाजारात जाऊ लागला. मी शाळेत कारकून आहे. कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही, पण त्या बाई मला देवासारख्या वाटल्या हे खरं.

परिणाम व्हायचा तो झाला. महिन्याला नऊ मयती होत, त्या दोनवर आल्या. आप्पा आठवडेच्या आठवडे घरी बसून राहू लागले. लोक म्हणू लागले, "आप्पा हल्ली दिसत नाहीत. मोठे झाले, विसरले आपल्याला." निवडणुकीत एकोणीस हजारांचं मताधिक्य सातशेवर घसरलं. आढावा बैठकीत सचिवांनी 'जनसंपर्कातील चिंताजनक घट' असा अहवाल मांडला आणि कारणांच्या रकान्यात डॉक्टरीणबाईंचं नाव लिहिलं. आप्पा सूडबुद्धीचे नाहीत. त्यांनी बाईंना बढती मिळवून दिली आणि राजधानीत पाठवलं. निरोप समारंभात बाईंपेक्षा आप्पाच जास्त रडले.

नवीन डॉक्टर आलाच नाही. थंडी पडली आणि दादाची छाती पुन्हा वाजायला लागली. औषध संपलं, मशीन बिघडलं. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुमच्या शाळेत रोज शंभर अर्ज लिहिता ना? मग एक माझ्यासाठी लिहा. जा त्या आप्पांकडे. डॉक्टर द्या म्हणावं."

मी अर्ज घेऊन कक्षात गेलो. सचिवांनी तो उभा-आडवा वाचला.

"डॉक्टर हा विषय आमच्याकडे येत नाही," ते म्हणाले. "रुग्ण किती गंभीर आहे?"

"बराच. रात्र रात्र बसून काढतो."

"मग आगाऊ नोंदणी करून ठेवा." त्यांनी एक छापील नमुना पुढे सरकवला. "ऐनवेळी आप्पांची तारीख मिळत नाही. घरात मतं किती?"

"सहा. दादा धरून."

"दादा धरून कसं चालेल?" सचिव कनवाळूपणे म्हणाले. "पाच लिहा."

मी पाच लिहिलं. खोटं कशाला सांगू? अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. खाली सही केली आणि पोचही मागून घेतली.

सोळाव्या दिवशी सकाळी दादाला श्वास घेता येईना. रिक्षा आरोग्य केंद्राच्या रस्त्यावर चिखलात रुतली. मी आणि रिक्षावाल्याने त्याला उचलून केंद्राच्या ओसरीवर नेलं. दाराला कुलूप होतं. तिथेच दादा गेला. त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि ती पदराने वारा घालत होती. तो गेल्यावरही बराच वेळ घालत राहिली.

घरी आल्यावर ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "ते येतील. चार माणसांत त्यांना विचारायचं, बाई का घालवल्या म्हणून. विचाराल ना?"

"विचारीन," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो.

अकरा वाजता आप्पांची गाडी आली. आमचं घर 'ब' वर्गातलं, म्हणून शेजाऱ्यांनी खुर्ची पुढे केली. आप्पांनी ती बाजूला सारली आणि ते खाली सतरंजीवर बसले. सगळ्या खोलीतून 'बघा!' असा श्वास फिरला. त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळे भरून आले. ते रडणं खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण ते खरं होतं. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांना खरंच रडू येत असे.

मी तोंड उघडलं. "आप्पा..." म्हणालो. पण दारात निम्मी गल्ली उभी होती आणि सगळे माझ्याकडे हेव्याने बघत होते. आमदार खाली बसला होता. आमच्या घरी. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही आलात, फार बरं वाटलं."

तेवढ्यात आतल्या दारातून वहिनी पुढे आली. डोळे कोरडे, आवाज सरळ. "आप्पा, आमच्या बाई का घालवल्यात? आज त्या असत्या तर हे जिवंत असते."

आप्पांनी मान खाली घातली. त्या क्षणी एका माणसाने जरी 'बरोबर आहे' म्हटलं असतं, तर मला वाटतं, आप्पांची बावीस वर्षं तिथेच संपली असती.

पण आवाज आला तो असा: "वहिनी, आत व्हा. दुःखात माणूस काहीही बोलतं. घरी आलेल्याला असं विचारतात का?"

तो आवाज माझा होता.

आप्पांनी माझ्या पाठीवर थोपटलं. वहिनी आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी आजतागायत बोललेली नाही. गल्लीत मात्र माझा मान वाढला. आप्पा आमच्याकडे पंधरा मिनिटं बसले होते, तेही खाली. यंदा त्यांचं मताधिक्य बावीस हजारांवर गेलं. त्यात आमच्या घरची चार मतं आहेत. पाचवं कुणाचं कमी झालं ते सांगायला नको.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त एक सांगा: त्या दिवशी खोलीत तीस-पस्तीस माणसं होती, आणि वहिनी बोलत असताना तुम्ही मान खाली घालून सतरंजीचे धागे का मोजत होता?