भिंतींची तब्येत विचारणारे नाना

धुळ्यात आमच्या गल्लीत नाना माणसांच्या आधी भिंतींची तब्येत विचारत. "भिंत कशी शे?" हाच त्यांचा रामराम. मग भिंतीवर तळहात ठेवून डोळे मिटत, वैद्यानं नाडी पाहावी तसे.

नाना नगरपालिकेत ओव्हरसियर, बांधकामांवर देखरेख करणारे. मी साक्रीकडच्या खेड्यातला, आमच्या घरात कॉलेज पाहणारा पहिला. जुन्या ओळखीवर नानांनी मला त्यांची पुढची खोली राहायला दिली होती, तीही भाडं न घेता. त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. पण लिहायला हवं.

गल्लीची हकीकत त्यांनीच मला सांगितली. इंग्रजांच्या काळात साहेबानं दोरी धरून सरळ गल्ल्या आखल्या. पुढं लोकांनी ओटे बाहेर काढले, मग ओट्यांवर भिंती चढवल्या. गल्ली अरुंद झाली, तेव्हा पालिकेनं साहेबाच्या त्याच दोरीवर नकाशात रस्त्याची रेषा मारली. उभ्या घराला हात लावायचा नाही. पण पुढची भिंत पडली किंवा नव्यानं बांधली, तर रेषेच्या मागं सरायचं. झालं, गल्लीनं भिंती बांधणंच सोडलं. फुगलेल्या भिंतींना लाकडी टेकू लागले, आणि नाना तब्येत विचारत फिरू लागले.

समोरच्या अक्का म्हणत, "नाना, तुमना पहिले मनी भिंत पडाव नही."

"पडू नये म्हणूनच विचारतो, अक्का. खाली तुमची नातवंडं खेळतात."

"इंग्रज गया ना? मंग त्यानी रेघ काबर धरी बठनात?"

"इंग्रज गेला. पण दोन बैलगाड्या आजही समोरासमोर अडकतात."

एका पावसाळ्यात नानांचीच भिंत फुगली. माझ्या खोलीची. बघायला सगळी गल्ली जमली.

"टेकू लावा, नाना," अक्का हसून म्हणाल्या. "आम्ही कोनले सांगाव नही."

भिंत रेषेत घेतली, तर त्या खोलीत खाटसुद्धा मावणार नव्हती. दुसरीकडं भाड्यानं राहणं मला झेपणारं नव्हतं. म्हणजे कॉलेज संपलं. मी नानांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि या वेळी लवकर काढला नाही. सकाळी भिंत उतरवायला गवंडी आला.

मी ट्रंक भरली.

"कुठं निघालास?"

"गावी."

 त्यांनी मधल्या खोलीचं कुलूप काढलं. आत एक खाट, वर घडी घातलेली गोधडी, कोनाड्यात बांगड्या.

"ही गेली तेव्हापासून बंद होती," ते म्हणाले. "ट्रंक इथं ठेव."

संध्याकाळी मी वाचायला बसलो. नाना उंबऱ्याबाहेर बसले होते.

"मनात नको वाचूस," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मी अर्थशास्त्राचा धडा वाचू लागलो. त्यात त्यांना गोडी असेल असं वाटत नाही. पण मी थांबलो की बाहेरून हलकेच येई, "मग पुढं?"

बी.ए. होईपर्यंत त्या खोलीत मी एकही पान मनात वाचलं नाही.