वायफायसाठी निघालेलं खोपट

सोफानोर ग्वेन्तेओ आणि त्याची बायको ओर्फेलिना यांचं बोलणं बंद झालं ते एका चुलीवरून. त्यांच्या मुलीने, नेल्दाने, दूर दक्षिणेच्या पुन्ता आरेनासहून आईसाठी लोखंडी चूल पाठवली. काळी, चकचकीत, पुढे काचेचं दार. सोफानोरने ते दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं आणि म्हणाला, "दारामागचा विस्तव म्हणजे कोठडीतला कैदी. त्याच्याशी गप्पा काय मारायच्या?"

ओर्फेलिनाचे डोळे जन्मभर धुराने चुरचुरलेले. ती म्हणाली, "मग जा ना तुझ्या मोकळ्या विस्तवाकडे."

तो गेला. आमच्या चिलोए बेटावर घरापासून फटकून एक लाकडी खोपट असतंच, फोगोन म्हणतात त्याला. मधोमध जमिनीवर उघडा विस्तव, वर आढ्याला टांगलेलं मांस आणि लसणाच्या माळा, आणि धूर इतका की आत शिरलेली माशी खोकत बाहेर पडते. सोफानोरचं फोगोन घराच्या वरच्या अंगाला, उतारावर होतं. तिथे त्याने पथारी टाकली आणि वनवास पत्करला.

वनवास तसा सोयीचा होता. सकाळी घराच्या पायरीवर फोडलेली लाकडं आपोआप येऊन पडत, आणि दुपारी फोगोनच्या उंबऱ्यावर झाकलेली ताटली आपोआप उगवे. बोलायचंच झालं तर दोघं कुत्र्याशी बोलत. "कपितान, त्याला सांग, अंगरख्याची बाही फाटलीय." "कपितान, तिला सांग, दिसतंय मला." मान इकडून तिकडे वळवून बिचाऱ्या कपितानवर मानेने अधू व्हायची वेळ आली.

अशात नेल्दाला मुलगी झाली, आम्पारो. घरात वायफाय आलं. दर रविवारी ओर्फेलिना फोन टेकवून नातीला बघे, आणि सोफानोर वर बसून तिच्या खिडकीला बघे. नेल्दा बापाला ओळखून होती. ये म्हटलं असतं तर तो आलाच नसता. म्हणून तिने दोन पांढऱ्या तबकड्या पाठवल्या, बशीएवढ्या. एक घराच्या वळचणीला लावायची, एक फोगोनच्या. दोघींनी एकमेकींकडे तोंड केलं की वायर न टाकता घरातलं नेट परसातून उडी मारून वर पोचतं.

त्या लावल्या एरास्मो मान्सियाने. हा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि नेल्दाचा धर्मपिता, म्हणून तो आणि सोफानोर एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत.

"फक्त एकमेकींकडे बघत राहायचं यांनी," एरास्मोने समजावलं. "मधे काही आलं की रुसतात. दिवा लाल होतो."

"म्हणजे बायकोपेक्षा बऱ्या," सोफानोर म्हणाला. "कशाने रुसल्या ते तरी कळतं."

हिवाळाभर तबकड्या नेमाने एकमेकींकडे बघत राहिल्या. रविवारी नेल्दाच्या फोनवर दोन चौकोन उमटत. एकात स्वच्छ स्वयंपाकघरातली आई, दुसऱ्यात ढगात बसलेल्या संतासारखा बाप. आम्पारोचं लक्ष सगळं त्या ढगाकडे. एकदा तिने ओठांचा चंबू करून ढगावर फुंकर मारली. सोफानोरने त्याच क्षणी इकडून फू केलं, धूर हलला, आणि आपल्याच फुंकरीने तो हलला असं वाटून पोरगी इतकी खिदळली की तिला उचकी लागली. तेव्हापासून दर रविवारी हाच खेळ. सोमवार ते शनिवार सोफानोर फक्त रविवारची वाट बघे. नेल्दा म्हणाली, वाढदिवसाला पहिली मेणबत्ती तिची तीच विझवणार, आजोबांनी शिकवलंय ना.

मग वसंत आला आणि घात झाला. घर आणि फोगोनच्या मधे सफरचंदाचं झाड होतं. हिवाळ्यात ते काटकुळं, निष्पाप उभं होतं. आता त्याला पालवी फुटली, दोन तबकड्यांच्या मधे हिरवा पडदा पडला आणि सोफानोरचा चौकोन थिजला, नेमका चंबू केलेल्या तोंडाचा. "पप्पा, तुमचा फोटो झालाय," नेल्दा म्हणत होती, पण तेही त्याला तुटक ऐकू येत होतं. आम्पारो फुंकर मारत राहिली. धूर हलेना. तिने आणखी जोर केला, लाल झाली आणि शेवटी रडायला लागली. ते रडणं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

वाढदिवस जवळ येत होता. सोफानोरने आधी तबकडी लोणी लावून पुसली. मग ती उंच बांबूवर चढवली. पण आमचा वारा मेंढ्यांची लोकर न कातरता उतरवतो, त्याने बांबू वाकवून तबकडीचं तोंड समुद्राकडे केलं. एक कोळी आजही छातीवर क्रूस काढून सांगतो की त्या दिवशी भर खाडीत त्याच्या फोनवर एक बाळ फू फू करत होतं. शेवटी सोफानोर करवत घेऊन झाडाखाली गेला. झाड नेल्दा जन्मली त्या दिवशी त्यानेच लावलेलं, आणि वर पांढरी-गुलाबी फुलं. तो नुसता उभा राहिला. खिडकीतून आवाज आला, "कपितान, त्याला सांग, फांदीला हात लावलास तर आणखी एक चूल मागवीन." तो निमूट परत फिरला. खरं तर ती बोलली याचं त्याला बरंच वाटलं.

एरास्मोने डोळा बारीक करून परसाची पाहणी केली. "कोंपाद्रे, सोपं आहे. घरावरची तबकडी काढून दुसऱ्या कोपऱ्याला लावू, निजायच्या खोलीच्या खिडकीपाशी. तिथून झाड आडवं येत नाही. मी आत्ता करतो. फक्त कोमाद्रेला, तुझ्या बायकोला, विचार."

सोफानोर बराच वेळ विस्तव ढोसत राहिला. निजायच्या खोलीबद्दल विचारायचं म्हणजे कुत्र्याकडून विचारून भागणार नव्हतं.

"दुसरा उपाय काय?"

"दुसरा उपाय म्हणजे फोगोनच बाजूला सरकवायचं," एरास्मो चिडून म्हणाला.

"हां," सोफानोरचा चेहरा उजळला. "ते सोपं आहे."

दुसऱ्या मुलखात याला वेडा म्हटलं असतं. पण आमच्याकडे घराने जागा बदलणं ही नवलाची गोष्ट नाही. सोफानोरच्या आईचं घर खाडीपलीकडून होडीमागे तरंगत आलं होतं, खिडकीत मांजर बसलेलं होतं म्हणतात. मिंगा बोलवायची, म्हणजे सारा गाव बैल घेऊन येतो, घर ओंडक्यांवर चढवतो आणि ओढतो. मजुरी नाही. यजमानाने पोटभर खाऊपिऊ घालायचं आणि पुढे ज्याच्या त्याच्या घरी राबायला जायचं.

पोटभर खाऊ घालायचं म्हणजे पुन्हा ओर्फेलिनाच. निरोप कपितानमार्फत गेला. तिने ऐकून घेतलं आणि कुत्र्याला एकच विचारलं, "कुठपर्यंत ओढणार म्हणे?"

"कपितान, सांग, त्या खुंटीपर्यंत. झाडाच्या बाजूला."

तेवढं ऐकून ती बटाटे किसायला बसली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गाव लोटला. पहाटे पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. बैलांच्या जोड्या एकामागे एक जुंपल्या. सगळ्यात पुढे घरची जोडी, क्लावेल आणि लुसेरो. ही ओर्फेलिनाने वासरं असल्यापासून बटाट्याच्या सालींवर पोसलेली. रोज संध्याकाळी ती पत्र्याची बादली बडवी, की दोघं कुठूनही धावत येत.

एरास्मो म्हणाला, आधी विस्तव विझव. सोफानोर म्हणाला, हा विस्तव माझ्या बापाचा आहे, विझायचा नाही. कुणी बोलायच्या आत तो आत जाऊन विस्तवाशेजारी बसला आणि हातात माते घेतलं, नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा. हाकारा झाला. खोपट करकरलं आणि छपरातून धूर सोडत आगबोटीसारखं निघालं.

सोफानोर मातेच्या नळीने घुटके घेत खिडकीतून बघत होता. कुंपण गेलं. सफरचंदाचं झाड सावकाश बाजूला झालं, आणि त्यामागून घर दिसू लागलं, निजायच्या खोलीच्या खिडकीसकट. खुंटी आली. एरास्मो ओरडला, "थांबवा!"

आणि खाली स्वयंपाकघराच्या दारात बादली वाजली.

क्लावेल आणि लुसेरोने कान टवकारले. मग दोघांनी तोंडं फिरवली आणि उताराला लागले. मागच्या जोड्यांना साखळीपुढे स्वतःचं मत नव्हतं. मागून दोर धरलेली माणसं ओल्या गवतावर बसल्या बसल्या घसरत आली, पाद्रीबुवासुद्धा. एरास्मो म्हणतो, बैल थांबवता येतो, भूक नाही. सोफानोरला आतून एवढंच दिसलं की घर मोठं होत चाललंय. त्याने एका हाताने माते सांभाळलं, दुसऱ्याने विस्तवातली लाकडं. वळचणीला वळचण भिडली, कर्र आवाज झाला आणि सगळं थांबलं. माते सांडलं नाही, हे त्याने मरेपर्यंत सांगितलं.

त्याने दार उघडलं. समोर एका पावलावर स्वयंपाकघराचं दार, त्यात ओर्फेलिना, तिच्या हातात बादली. वर दोन वळचणींच्या मधे दोन पांढऱ्या तबकड्या तोंडाला तोंड लावून पापडासारख्या चपट्या झाल्या होत्या.

लोक जेवले, प्याले, परत जेवले. सोफानोरने हळूच विचारलं, पुन्हा वर कधी ओढायचं. एरास्मोने तोंडातला घास संपवला. "एकाच खोपटाला दुसरी मिंगा मागशील, तर गाव म्हणेल हा झोपाळा आहे. आधी सगळ्यांची परतफेड कर, मग बघू." म्हणजे दोनेक वर्षं तरी गेली.

दुसऱ्या दिवशी वायफाय तबकड्यांवाचून भिंतीतूनच आलं. नेल्दाने बघितलं तर आज एकच चौकोन, त्यात दोघं दाटीवाटीने बसलेली, एकीच्या मागे काचेचं दार आणि एकाच्या मागे धूर. तिने पोरीपुढे केक सरकवला. आम्पारोने मेणबत्ती बघितली, मग आजोबाला बघितलं आणि मेणबत्ती सोडून त्यालाच फुंकर मारली. सोफानोरने फू केलं. धूर हलला, आणि सगळा ओर्फेलिनाच्या स्वच्छ स्वयंपाकघरात शिरला. ती डोळे पुसत राहिली. धुराबद्दल चकार शब्द नाही.

फोन बंद झाल्यावर तिने त्याच्यापुढे किसलेल्या बटाट्याचा गरम मिल्काओ ठेवला. सोफानोरचं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेलं. त्याने वाकून पाहिलं. आत साल नाही, पाणी नाही, तळाला धूळ.

"कपितान, तिला विचार—" त्याने सुरुवात केली. पण कपितान दोन उंबऱ्यांच्या मधे पाय पसरून घोरत होता. त्याची नोकरी सुटली होती. सोफानोरने घसा खाकरला आणि कित्येक महिन्यांनी बायकोकडे तोंड करून विचारलं,

"बैलांचं खाणं तर संध्याकाळी असतं. रिकामी बादली कशाला वाजवलीस?"

"भरलेली वाजत नाही, म्हाताऱ्या," ओर्फेलिना म्हणाली. "खा. गार होतंय."