मामांच्या मशीनला मानवत न्हाई

खंदारे मामांच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी एक प्रश्न मिळतो. "फाइल नवी हाय का जुनी?"

मी पूर्णेला शिक्षक म्हणून बदलून आलो आणि शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला गेलो, तेव्हा मलाही हाच प्रश्न मिळाला. माझ्याकडे फाइलच नव्हती. मामांना जरा वाईट वाटलं.

मामा रेल्वेचे रिटायर बुकिंग क्लार्क. कॉलनीच्या वाचनालयाच्या सूचना, जयंतीच्या पत्रिका, सगळं तेच हौसेनं टाइप करून छापून देतात. कॉम्प्युटर मात्र इतका जुना, की सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. तो पुरता जागा होईपर्यंत मामा स्वतः चहा करतात, पाजतात आणि कप विसळून ठेवतात.

मी वाचनालयाची पहिली सूचना त्यांना पाठवली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हाक आली.

"गुरुजी, तुमची फाइल आपल्या मशीनला मानवत न्हाई."

मी नवखा. मानवत म्हणजे पाथरीच्या वाटेवरचं गाव, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, "मग मानवतला जाऊन छापून आणू का?"

पलीकडे मामा असे हसत सुटले, की आतून मामींनी विचारलं, "कोन हाय त्ये?"

जाऊन बघतो तर पडद्यावर माझ्या सूचनेच्या जागी नुसत्या चौकोनांच्या रांगा. मामा म्हणाले, "डबे सगळे आलेत गुरुजी. पॅसेंजर एक न्हाई."

मी म्हटलं, नवीन मशीन घ्या. त्यावर मामांचं म्हणणं पक्कं होतं. "नव्यानं जुन्याला वळखावं. जुनं नव्याला कसं वळखंल? त्यानं त्याला कवा बगितलंय?"

अख्ख्या कॉलनीला त्यांनी वळण लावलं. फाइल 'जुन्यात', म्हणजे जुन्या फॉन्टमध्ये करूनच पाठवायची. एकानं मोबाइलवर लग्नाची पत्रिका पाठवली, तर मामांनी कळवलं, "जुन्यात पाठवा, मग येतो." तो बिचारा घाबरून आमंत्रणाची जुनी पद्धत विचारायला आला.

शेवटी वाचनालयाला एक नवं मशीन देणगीत मिळालं. आम्ही ते वाजतगाजत मामांच्या टेबलावर मांडलं. मामांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ते मशीन खोक्यात घालून माझ्या दारात.

"लय चांगलं हाय," मामा म्हणाले. "तुमच्याकडंच ठेवा."

मला राग आला. दुपारी जाब विचारायला गेलो. दार उघडंच होतं.

जुन्या मशीनपुढे मामी बसल्या होत्या. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला. मामा मागे उभे. मला बघून मामींनी विचारलं, "तुमी कोन?" मी रोजचा शेजारी.

मामांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "तिला आता काईच ध्यानात ऱ्हाईना गुरुजी. मी कोन, त्ये बी सकाळी सांगावं लागतंय. पर ह्यो डाव बराबर खेळती. काल नव्यावर बसवलं. तितं बी पत्ते हायेत, पर निराळे. हात मांडीवर ठिवून सांजेपस्तोर नुसती बगत बसली."

"मग सांगायचं ना मामा. आम्ही तुम्हाला हट्टी म्हणत होतो."

"म्हणा की," मामा म्हणाले. "मला हट्टी म्हणा, तिला काई म्हणू नका."

तेवढ्यात मामींनी बदामाची राणी इस्पिकाच्या राजावर ठेवली. मग एकेक पान भराभर लागत गेलं. डाव सुटला आणि पडद्यावरचे सगळे पत्ते टणाटण उड्या मारायला लागले. मामी लहान मुलीसारख्या हसल्या, आणि मागं न बघताच त्यांनी हाक मारली.

"आवो, बगा की."

"बगायलोय," मामा म्हणाले. ते पडद्याकडे बघतच नव्हते.